किरायाच्या खोलीचा कागद



रोवणी आटोपत आली असेल. पाय चिखलातून निघाले, कमरेला जरा उसंत मिळाली. हातातलं काम सोडू नका, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही सहयोगिनी तुमच्याशी खोलीबद्दल बोलणार आहोत. मुलगी बारावी होते, गोंदियाला नाहीतर नागपूरला शिकायला जाते आणि तिथं किरायानं घ्यावी लागते, ती खोली.

घरकुलाचं आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रधानमंत्री आवास, रमाई आवास, शबरी आवास, पहिला हप्ता कधी, जोत्याचा फोटो कधी, सगळं बायांना पाठ आहे. पण सरकार किरायाच्या खोलीलाही पैसे देतं, असं आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो तेव्हा हमखास कोणी तरी विचारतं, "दुसऱ्याच्या घराचा किराया सरकार कायले देईल जी?"

देतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी समाजकल्याणची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयानं सुरू झाली. आदिवासी मुलामुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यासाठी आपल्या जिल्ह्यात देवरीचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नंतर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिच्यात जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थी घेतात. नावं वेगळी, कार्यालयं वेगळी, मतलब एकच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मुलीनं बाहेर खोली करावी, आणि जेवणाचे, राहण्याचे, वरखर्चाचे पैसे सरकारनं तिच्या खात्यात टाकावेत.

किती? स्वाधारचा हिशोब सांगतो. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाचे ४३ हजार. त्यात जेवणाचे २५ हजार, राहण्याचे १२ हजार आणि वरखर्चाचे ६ हजार. नागपूरला वर्षाचे ६० हजार, त्यातले राहण्याचे २० हजार. तालुक्याच्या ठिकाणी शिकत असेल तर ३८ हजार. म्हणजे गोंदियात खोलीसाठी महिन्याला १ हजार रुपये पडतात. आता तुम्हीच सांगा, १ हजारात गोंदियात खोली कुठं मिळते? आम्ही गेल्या दोन वर्षांत पाहिलेल्या खोल्यांत दीड हजाराच्या खाली धड खोली नव्हती. मोरी आत आणि दाराला नीट कडी असेल तर अडीच-तीन हजार. म्हणून एकटीनं खोली करायची नाही. तिघींनी मिळून ३ हजारांची करायची. हजाराचं गणित तिथंच बसतं.

पण खरी अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. हे आम्हाला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत आम्ही नाही, एका पोरीनं दिली. म्हणून तेच आधी सांगतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी. बारावीला चांगले गुण, गोंदियाच्या कॉलेजात प्रवेश, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. आम्हीच तिच्यासोबत दोन दिवस गल्ल्या फिरलो. एका ठिकाणी टिनाच्या शेडची खोली मिळाली, १२०० रुपये. घरमालक म्हणाला, कागद-बिगद काही नाही, राहायचं तर राहा. आणि आम्ही काय म्हणालो असू? "बेटा, खोली हातची जाऊ देऊ नको. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा कागदाचं पाहू."

अर्ज भरायची वेळ आली. मुलगी खरंच खोली करून राहते याचा पुरावा लागतो, म्हणजे घरमालकासोबतचा भाडेकरार. आम्ही मिठाईचा पुडा घेऊन घरमालकाकडे गेलो. तो भडकला. "माझ्या घरावर टॅक्स लावता काय? उद्या पोरगी खोलीच सोडणार नाही म्हणाली तर?" चार महिन्यांचा किराया रोख दिला होता, पावती एकाही महिन्याची नव्हती. दुसरी खोली शोधेपर्यंत मुदत गेली. पोरगी दिवाळीपर्यंत टिकली. दिवाळीला गावी आली ती परत गेलीच नाही. आता अर्जुनीत कापडाच्या दुकानात बसते. तिची आई आजही गटाच्या बैठकीला येते. महिन्याची बचत ठेवते, सही करते, निघून जाते. आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमचा नियम झाला आहे. बॅग नंतर, कागद आधी. घरमालक लिहून द्यायला तयार नसेल, तर खोली कितीही स्वस्त असो, मुलीला योजनेतून शिकायचं असेल तर ती खोली तिच्या कामाची नाही.

कागद म्हणजे आपण काही उपकार मागत नाही, हेही समजून घ्या. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तोच साल, म्हणून आमच्या लक्षात राहिला. त्याच्या कलम ५५ मध्ये म्हटलं आहे की करार लेखी असावा, नोंदवलेला असावा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. किराया दिला की पावती द्यावी, असं कलम २६ सांगतं. पण कायद्याचं पुस्तक घरमालकाच्या नाकापुढं धरून खोली मिळत नाही. धरून पाहिलं आम्ही. दार बंद होतं.

घरमालक लिहून द्यायला का घाबरतो, ते आधी पाहावं लागतं. कोणाला नगर परिषदेचा घरटॅक्स वाढेल असं वाटतं. कोणाचं घर अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर असतं आणि भावाभावांत वाद असतो. बहुतेकांना एकच भीती, किरायादार बसला की उठत नाही. त्यासाठी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. त्यात मुलगी ठरलेल्या मुदतीपुरतीच राहणार, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. मुदत संपली की खोली मोकळी. कागद नसला तर घरमालकाजवळही काही नसतं, उद्या वाद झाला तर तो काय दाखवणार? हे सांगितलं की दहातले दोघं-तिघं तरी थंड होतात. आम्ही सुरुवातीला नुसत्या नोटरीवर काम भागवायचो. आता करार ऑनलाइन नोंदवता येतो. त्याचा खर्च कोणी करायचा ते आधीच ठरवा, नाहीतर शेवटच्या दिवशी त्यावरूनच बिनसतं.

जात विचारतात का? विचारतात. सरळ नाही विचारत. "आडनाव काय? गाव कोणतं? मटण-मच्छी करता काय?" असं फिरवून. एकदा एका घरी चहा पुढ्यात आला, आडनाव सांगितलं आणि खोली "कालच दिली" झाली. चहा आम्ही पिऊनच उठलो. पोरगी मात्र रस्ताभर गप्प होती. अशा घरी भांडत बसायला प्रवेशाच्या दिवसांत वेळ नसतो. पण एक करता येतं. ज्या वस्तीत आपल्या ओळखीचं माणूस आहे, एखादी आशाताई, अंगणवाडीताई, रेल्वेत लागलेला भाऊ, तिथून शोध सुरू करायचा. "रूम किरायाने देणे आहे" अशा पाट्या वाचत फिरण्यापेक्षा हे बरं.

आता सालेकसा तालुक्यातल्या तिघींचं ऐका. तिघी तीन गावच्या. गावातून स्टेशन दूर, तिथून रेल्वेनं गोंदिया. पहिला महिना येणं-जाणं करून पाहिलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की अलीकडची अलीकडे, पलीकडची पलीकडे. शेवटी वैतागल्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, मुलींची फी बऱ्याच कोर्सला माफ झाली आहे. पण फी माफ झाली म्हणून अंतर माफ होत नाही ना.

खोली एका म्हाताऱ्या बाईंची होती. नवरा वारलेला, मुलं पुण्याला. त्यांना मुलीच पाहिजे होत्या, सोबत म्हणून. कागदाचं नाव काढलं तर त्या म्हणाल्या, "मले वाचता येत नाही. लेकानं सांगितलं, कशावर अंगठा देऊ नको." लेकानं सांगितलं ते चूक नव्हतं. आम्ही करार त्यांना दोनदा वाचून दाखवला, मग फोनवर त्यांच्या मुलाला वाचून दाखवला. त्यानं दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. रात्री आठनंतर बाहेरचं कोणी येणार नाही, आणि वीज बिल वेगळं. आम्हीही दोन लिहून घेतल्या. मध्येच किराया वाढणार नाही, आणि डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. तिघींची नावं करारात टाकली. हे विसरू नका. एकीच्या नावावर करार केला आणि बाकीच्या दोघी नुसत्या राहिल्या, तर योजनेच्या कागदावर त्या कुठंच राहत नाहीत.

मग पैसे. मैत्रिणींनो, या योजना खोली घेऊन देत नाहीत, घेतलेल्या खोलीचे पैसे देतात. आधी खोली करा, मग अर्ज, मग तपासणी, कॉलेजची हजेरी, मग हप्ता. तोवर घरमालकीण थांबेल काय? डिपॉझिट ६ हजार, पहिला किराया ३ हजार, गादी-बादली-शेगडीचे वेगळे. तिघींत वाटलं तरी एकेका घरावर ५ हजारांच्या वर येतं, तेही जुलै महिन्यात. जुलैत कोणाच्या घरी पैसा असतो? खत घ्यायचं, रोवणीची मजुरी द्यायची.

आम्ही विषय गटात मांडला. अंतर्गत कर्ज बियाण्याला देतो, शेळीला देतो, दवाखान्याला देतो, खोलीला द्यायचं काय? बैठक तापली. एक काकू म्हणाल्या, "शेळी मेली तरी कातडं राहते. खोलीत टाकलेला पैसा कुठं राहते?" कोणी हसलं नाही, कारण बोलणं खरं होतं. दुसरी म्हणाली, सरकारचा पैसा आलाच नाही तर? तिलाही आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही एवढंच सांगितलं की योजनेच्या भरवशावर कर्ज देऊ नका. आईची परतफेडीची ताकद पाहून द्या. योजनेचे पैसे आले तर एकदम फेडेल, नाही आले तरी हळूहळू फेडेल, इतकंच कर्ज द्या. शेवटी एकेका आईला ५ हजार द्यायचं ठरलं, नेहमीच्याच व्याजानं, महिना दोन रुपये शेकडा. ज्या काकू विरोधात बोलल्या, त्यांनीच पुढं विचारलं, "यात माझ्या नातीचा नंबर लागेल काय जी, दोन वर्षांनी?"

हप्ता कधी आला? होळीच्या तोंडावर. कोणत्या योजनेचा ते सांगत नाही. तोवर आठ महिन्यांचा किराया आयांनी भरला होता. एकीनं लाडकी बहीणचे दीड हजार आले की त्यातले हजार खोलीसाठी बाजूला काढले. एकीनं मोहफुलं राखून ठेवली होती, ती विकली. तिसरीच्या घरी दोन महिने जमलं नाही, तर घरमालकीणबाईंनी थांबून घेतलं. का थांबल्या? पोरगी रोज त्यांना बीपीची गोळी द्यायची म्हणून. योजनेत हे लिहिलेलं नाही, पण खोली टिकली ती यामुळं.

आणि तिघींपैकी एकीचे पैसे आलेच नाहीत. म्हणजे आले, पण सापडले नाहीत. सरकारी पैसा आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथं जातो, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. तिचं आधार शाळेत असताना काढलेल्या एका जुन्या खात्याला जोडलेलं होतं. पासबुक उंदरानं खाल्लेलं, बँकेची शाखा आठवत नाही. दीड महिना धावपळ झाली. म्हणून अर्ज भरायच्या आधी मुलीला बँकेत पाठवा आणि विचारायला लावा, "माझं आधार कोणत्या बँकेला लागलं आहे?" पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी काही गोष्टी घाईघाईत सांगून टाकतो. वसतिगृहाचा अर्ज आधी भराच, जागा मिळणार नाही असं वाटलं तरी भरा. ही मदत वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी आहे. मुलीचं घर ज्या शहरात आहे त्याच शहरात ती शिकत असेल तर मदत मिळत नाही. कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. लग्नाच्या हंगामात पोरीला पंधरा-पंधरा दिवस गावी ठेवून घेणाऱ्या आयांनी हे जरा ध्यानात घ्यावं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला सेतूत एकाच वेळी टाका. प्रवेशाच्या गर्दीत सेतूपुढची रांग रस्त्यावर येते. गुणांची आणि उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्या. शेजारणीच्या मुलीला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल, असं धरून चालू नका.

नागपूरला पाठवायची असेल तर वेगळा विचार करा. २० हजार राहण्याचे म्हणजे महिन्याला साधारण १६०० रुपये. कॉलेजजवळ तेवढ्यात एका मुलीचा वाटाही निघत नाही, दूर राहिलं तर बसचा खर्च. त्यातल्या त्यात तिथं आपल्या भागातल्या शिकून नोकरीला लागलेल्या मुली आहेत, त्यांच्याजवळ खोल्यांचे पत्ते असतात. त्यांचे नंबर आम्ही एका वहीत लिहून ठेवतो. वही आता बरीच भरली आहे.

आमच्यातल्या एकीनं बी.ए. केलं तेव्हा चौघी एका खोलीत राहत होत्या आणि एकीकडे स्टोव्ह, एकीकडे पुस्तकं असं होतं. तेव्हा यातली एकही योजना नव्हती. दर महिन्याला बाबा तांदळाची चुंगडी घेऊन यायचे आणि घरमालकाला "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणून हात जोडायचे. ते हात जोडणं आम्ही विसरलो नाही. म्हणून कोणी म्हणालं की सरकारचे पैसे उशिरा येतात, कशाला एवढी कटकट, तर आम्ही ऐकून घेतो आणि अर्ज भरतो.

अर्जुनीच्या त्या मुलीला आम्ही यंदा भेटलो. दुकानातच भेटलो, गिऱ्हाईक असल्यासारखे उभे राहिलो. मुक्त विद्यापीठातून शिकायचं म्हणते, दुकान सोडायचं नाही म्हणते. "ताई, आता कागद मी स्वतः पाहून घेईन," असं म्हणाली. आम्ही तिला फॉर्मची तारीख सांगितली आणि एक ओढणी विकत घेऊन आलो.

आता शेवटचं, आणि हे शिकणाऱ्या मुलींच्या आयांसाठी नाही. गोंदिया शहरात, आमगावला, तिरोड्याला, देवरीला राहणाऱ्या ज्या मैत्रिणी आत्ता ऐकत असतील, त्यांच्यासाठी. तुमच्या घरी मागची एखादी खोली रिकामी असेल, तुम्ही लिहून द्यायला तयार असाल, आडनाव विचारणार नसाल, तर तुमच्या गटाच्या सहयोगिनीला सांगा. करार आम्ही लिहून आणू, तुमच्यासमोर वाचून दाखवू, तुमच्या मुलाला फोनवर वाचून दाखवू. सालेकशाच्या त्या तिघी यंदा शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांची खोली पुढच्या उन्हाळ्यातच मोकळी होईल. आणि आमच्या यादीत यंदाच्या अकरा मुली आहेत. खोल्या चार सापडल्या आहेत.